ओल्ड ओव्हरहोल्ट

ओल्ड ओव्हरहोल्ट हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राय व्हिस्कीचा एक जुना व स्वस्त ब्रँड आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पश्चिम भागातील वेस्ट ओव्हरटन येथे एब्राहम ओव्हरहोल्ट (१७८४–१८७०) याने १८१० च्या सुमारास व्यापारी तत्त्वावर सुरू केलेल्या व्हिस्कीनिर्मितीशी या नावाचा उगम जोडला जातो. सध्या ही व्हिस्की केंटकी राज्यात तयार होते आणि तिची मालकी सन्टोरी ग्लोबल स्पिरिट्स या कंपनीकडे आहे. अमेरिकेत तिची ७५० मिलिलिटरची साधी बाटली २० डॉलरच्या आसपास मिळते. मद्यालयाच्या सर्वांत खालच्या फळीवर राहणारी ही बाटली अनेक पिढ्यांसाठी राय व्हिस्कीची पहिली ओळख ठरली आहे. तिच्या दर्जाविषयी मात्र रसिकांत एकमत नाही. स्वस्त आहे म्हणून तिला कमी लेखणारे आहेत, तसेच जुने नाव आहे म्हणून तिचा गौरव करणारेही आहेत. हे दोन्ही निकष चवीबाहेरचे आहेत, आणि या व्हिस्कीचे मूल्यमापन करताना नेमकी तीच अडचण येते.

राय धान्य आणि राय व्हिस्की

राय हे गहू व सातू यांच्या जवळचे, थंड हवामानात आणि हलक्या जमिनीत तग धरणारे तृणधान्य आहे. मराठीतील ‘राई’ म्हणजे मोहरी. तिचा या धान्याशी काहीही संबंध नाही. नावातील साम्यामुळे गोंधळ होण्याचा संभव असल्याने हे आरंभीच नोंदवणे बरे.

अमेरिकी कायद्यानुसार राय व्हिस्कीच्या धान्यमिश्रणात किमान ५१ टक्के राय असावे लागते. ऊर्ध्वपातन मद्यार्काच्या ८० टक्के तीव्रतेच्या आत व्हावे, मद्य ६२.५ टक्के किंवा त्याहून कमी तीव्रतेला आतून जाळून काढलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपात भरावे आणि बाटलीत ते किमान ४० टक्के असावे, या आणखी काही अटी आहेत. अमेरिकी पद्धतीत टक्केवारीच्या दुप्पट आकडा ‘प्रूफ’ म्हणून दिला जातो. म्हणजे ४० टक्के म्हणजे ८० प्रूफ. कॅनडात मात्र ‘राय’ हा शब्द व्हिस्कीचे रूढ नाव म्हणून वापरला जातो व तेथे रायचे किमान प्रमाण बंधनकारक नाही. दोन्ही देशांच्या बाटल्या शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

राय हाताळणे कष्टाचे असते. त्यातील पेंटोसान वर्गातील शर्करा पाणी शोषून घेतात, शिजवलेले मिश्रण चिकट होते, किण्वनाच्या वेळी त्याला फेस येतो आणि नळ्या तुंबतात. मका स्वस्त आहे व त्यापासून मद्यार्कही अधिक मिळतो. त्यामुळे स्वस्त राय व्हिस्की करायची, तर रायचे प्रमाण कायदेशीर किमानाजवळ ठेवून उरलेल्या भागात मका व थोडे माल्ट केलेले सातू घालणे हा सरळ मार्ग असतो. केंटकीत रूढ असलेली राय व्हिस्कीची शैली हीच आहे आणि आजची ओव्हरहोल्ट तिच्यातच मोडते.

इतिहास

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम पेनसिल्व्हेनियात जर्मन आणि स्कॉट-आयरिश वंशाचे शेतकरी मोठ्या संख्येने वसले. ॲलेगेनी पर्वतरांगा ओलांडून पूर्वेच्या बाजारपेठेत धान्य नेणे परवडत नसे. तेच धान्य व्हिस्कीच्या रूपात नेले, तर घोड्याच्या पाठीवरील ओझ्याचे मोल कित्येक पटींनी वाढे. म्हणूनच संघराज्य सरकारने १७९१ मध्ये मद्यनिर्मितीवर कर बसवला, तेव्हा या भागात उठाव झाला. ‘व्हिस्की बंड’ या नावाने तो ओळखला जातो. १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सुमारे १३,००० सैनिकांची फौज उभारून तो मोडून काढला. पुढे खुद्द वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील मळ्यावर जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाच्या सूचनेवरून १७९७ मध्ये डिस्टिलरी सुरू झाली व तेथील मिश्रणात ६० टक्के राय होते, हा इतिहासातील एक गमतीचा योगायोग म्हणावा लागेल.

ओव्हरहोल्ट कुटुंब जर्मनभाषक मेनोनाइट पंथाचे होते. मूळ आडनाव ओबरहोल्ट्झर. १८०० मध्ये हे कुटुंब वेस्टमोरलंड परगण्यात आले. एब्राहम विणकाम शिकलेला होता, पण शेतावरच्या छोट्या भट्टीतून त्याने मोठा व्यवसाय उभा केला. मोनोंगाहेला नदीच्या खोऱ्यातील राय व्हिस्कीला त्या काळी स्वतंत्र प्रतिष्ठा होती. हर्मन मेलव्हिल यांच्या ‘मोबी डिक’ (१८५१) या कादंबरीतही तिचा उल्लेख येतो. मुख्यतः राय आणि माल्ट यांपासून बनणारी, मक्याला फारसे स्थान नसलेली ही व्हिस्की गडद व मसालेदार असे. कुटुंबाने पुढे यॉकिओगेनी नदीकाठी ब्रॉड फोर्ड येथे दुसरी, अधिक मोठी डिस्टिलरी उभारली. लेबलवरील कपाळाला आठ्या घातलेला वृद्ध म्हणजे एब्राहम ओव्हरहोल्टच होय.

एब्राहमचा नातू हेन्री क्ले फ्रिक (१८४९–१९१९) हा वेस्ट ओव्हरटन येथेच जन्मला. कोक व पोलाद उद्योगातून तो अमेरिकेतील सर्वांत धनाढ्य व्यक्तींपैकी एक झाला. १८८० च्या दशकात त्याने आजोबांच्या कंपनीची सूत्रे घेतली आणि आपला मित्र, पिट्सबर्गचा बँकर अँड्र्यू मेलन याला भागीदार करून घेतले. फ्रिकच्या मृत्यूनंतर त्याचा हिस्साही मेलनकडे आला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२० मध्ये, देशभर दारूबंदी अमलात आली.

१९२१ मध्ये मेलन अमेरिकेचा अर्थमंत्री झाला. दारूबंदीची अंमलबजावणी आणि औषधी व्हिस्की विकण्याचे परवाने ही दोन्ही कामे त्याच खात्याच्या अखत्यारीत येत. देशातील एका मोठ्या डिस्टिलरीचा भागीदारच दारूबंदीचा अंमलदार झाल्याने दारूबंदीवाद्यांनी टीकेची झोड उठवली. ओव्हरहोल्ट कंपनीला औषधी विक्रीचा परवाना मिळालेला होता. त्यामुळे डॉक्टरच्या चिठ्ठीवर तिची व्हिस्की औषधांच्या दुकानात मिळत राहिली. १९२५ मध्ये मेलनचा हिस्सा विकला गेला. ब्रँडचे नाव दारूबंदीच्या काळातही टिकले, याचे श्रेय चवीपेक्षा या परवान्याकडे अधिक जाते.

दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण राय व्हिस्कीचे जुने दिवस परतले नाहीत. मधल्या काळात ग्राहकांची रुची सौम्य मद्यांकडे वळली होती. बर्बनला केंटकीतील बड्या कंपन्यांचे पाठबळ लाभले. पेनसिल्व्हेनिया व मेरीलंड या राज्यांतील डिस्टिलऱ्या मात्र एकामागून एक बंद पडल्या. ओव्हरहोल्ट आता नॅशनल डिस्टिलर्स या कंपनीकडे होती. ब्रॉड फोर्डची डिस्टिलरी १९५० च्या दशकाच्या आरंभी थांबली व उत्पादन पेनसिल्व्हेनियातच अन्यत्र हलवले गेले. पूर्वीची १०० प्रूफची बाटली मागे पडून व्हिस्की टप्प्याटप्प्याने ८० प्रूफवर आली. १९८७ मध्ये जिम बीम कंपनीच्या मालकांनी नॅशनल डिस्टिलर्सचा मद्यव्यवसाय विकत घेतला आणि ओव्हरहोल्ट पूर्णतः केंटकीची झाली. २०१४ मध्ये सन्टोरी या जपानी उद्योगसमूहाने बीम कंपनी ताब्यात घेतली.

ब्रॉड फोर्ड येथे आज पडक्या इमारती आहेत; वेस्ट ओव्हरटन येथे संग्रहालय आहे. नाव, चित्र आणि १८१० हे साल एवढेच अखंड राहिले. ठिकाण, धान्यमिश्रण, किण्व आणि पिंपांची कोठारे ही सर्व बदलली. ‘अमेरिकेतील सर्वांत जुनी अखंड व्हिस्की’ असे वर्णन वाचताना हा तपशील सोबत ठेवला पाहिजे. जुन्या मोनोंगाहेला व्हिस्कीची चव या बाटलीत शोधणे व्यर्थ आहे. आणि ती सापडत नाही म्हणून आजच्या व्हिस्कीला नापास करणे हेही न्याय्य नाही.

लेबलवरून कळणाऱ्या गोष्टी

स्वस्त व्हिस्कीचे मूल्यमापन बाटली उघडण्याआधीच सुरू होते. ‘स्ट्रेट’ हा शब्द असेल, तर ती किमान दोन वर्षे पिंपात मुरलेली असते आणि तिच्यात रंग किंवा स्वाद मिसळलेला नसतो. चार वर्षांहून कमी मुरवलेल्या स्ट्रेट व्हिस्कीवर वय छापणे बंधनकारक आहे. ओव्हरहोल्टच्या साध्या बाटलीवर बरीच वर्षे ‘तीन वर्षे’ असा उल्लेख होता, तो या नियमामुळेच.

‘बॉटल्ड इन बाँड’ हा शिक्का १८९७ च्या कायद्यातून आला. त्या काळी बाजारात रंग, अर्क व क्वचित घातक द्रव्ये मिसळलेली व्हिस्की सर्रास विकली जात असे. या कायद्याने सरकारी देखरेखीखालील कोठार, एकाच डिस्टिलरीतील एकाच हंगामाचे उत्पादन, किमान चार वर्षांची मुरवण आणि नेमकी १०० प्रूफ तीव्रता यांची हमी दिली. अन्नपदार्थांच्या शुद्धतेविषयीच्या १९०६ च्या संघराज्य कायद्याच्याही आधीचा हा ग्राहकसंरक्षणाचा प्रयत्न होता. बाँडेड बाटलीवर डिस्टिलरीचा क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे मद्य प्रत्यक्ष कोठे तयार झाले हे समजते. ओव्हरहोल्टची बाँडेड आवृत्ती २०१७-१८ च्या सुमारास पुन्हा बाजारात आली. त्यानंतर २०२० मध्ये साधी आवृत्तीही ८० वरून ८६ प्रूफवर नेण्यात आली व तिचे शीत गाळण बंद करण्यात आले.

शीत गाळण म्हणजे व्हिस्की थंड करून गाळणे. कमी तीव्रतेच्या व्हिस्कीत बर्फ किंवा थंड पाणी घातल्यास मेदाम्लांची एस्टरे विरघळलेल्या अवस्थेत राहत नाहीत आणि द्रव गढूळ दिसतो. ग्राहकाला तो दोष वाटू नये म्हणून ही एस्टरे आधीच काढली जातात. त्यांच्यासोबत तोंडात जाणवणारा स्निग्धपणाही काही अंशी जातो, असे न गाळण्याच्या बाजूचे लोक मानतात. स्वस्त बाटलीसाठी असा निर्णय घेतला जाणे विरळाच. साध्या ओव्हरहोल्टबद्दलची जुनी परीक्षणे वाचताना ती २०२० पूर्वीच्या बाटलीची आहेत की नंतरच्या, हे पाहावे. ती जवळजवळ दोन वेगळी मद्ये आहेत.

आस्वादन

आस्वादनासाठी तळाशी फुगीर व तोंडाशी निमुळता पेला वापरतात. रुंद तोंडाच्या जाड पेल्यात मद्यार्काची वाफ व सुगंध दोन्ही विखुरतात. एका नमुन्यासाठी १५ मिलिलिटर व्हिस्की पुरेशी असते. अनेक नमुने पाहायचे असतील, तर परीक्षक घोट गिळत नाहीत, थुंकून टाकतात. पेला भरल्यावर काही मिनिटे तसाच ठेवल्यास वरवरचा झोंबरा वास ओसरतो. हुंगताना ओठ किंचित उघडे ठेवले, की नाकाला होणारा दाह कमी जाणवतो.

राय व्हिस्कीच्या सुगंधाचे दोन स्रोत आहेत: धान्य आणि लाकूड. राय धान्यात फेरुलिक आम्ल भरपूर असते. त्यापासून लवंगेसारख्या वासाची संयुगे तयार होतात. मिरे, सुंठ, बडीशेप, फुदिना आणि विशेषतः कोवळ्या रायमध्ये शेपूच्या भाजीची आठवण करून देणारा हिरवट वास, ही धान्याची देणगी समजली जाते. जळालेल्या ओकमधून व्हॅनिला, काकवी किंवा जाळलेल्या साखरेचा गोडवा, खोबऱ्यासारखा गंध आणि जिभेला कोरडे करणारे टॅनिन येते. लाकडातही लवंगेच्या वासाचे युजेनॉल असते. म्हणून लवंग जाणवली, की ती रायचीच, असा निष्कर्ष काढता येत नाही.

ओव्हरहोल्टच्या साध्या बाटलीत पहिल्यांदा रायच्या पावाचा आणि जाळलेल्या साखरेचा वास येतो. त्यामागोमाग भाजलेल्या शेंगदाण्यांची छटा जाणवते. ती बीमच्या बहुतेक व्हिस्क्यांत आढळते आणि अनुभवी परीक्षक तिच्यावरून डिस्टिलरी ओळखतात. जिभेवर मक्याचा गोडवा आधी, मिऱ्याचा तिखटपणा नंतर आणि शेवट आखूड, अशी तिची चाल आहे. बाँडेड बाटलीत हेच घटक दाट होतात. दालचिनी व सुकवलेल्या फळांचा स्वाद वर येतो आणि लाकडाचा तुरटपणा घशाशी थोडा अधिक रेंगाळतो. ज्यांना राय म्हणजे लवंग-शेपूचा ठसका अपेक्षित असतो, त्यांना दोन्ही सौम्य वाटतात. ती तक्रार रास्त आहे, पण तिचे कारण मुख्यत्वे धान्यमिश्रणाच्या शैलीत आहे. इंडियाना राज्यातील लॉरेन्सबर्ग येथे ९५ टक्के राय असलेली व्हिस्की तयार होते व ती अनेक ब्रँडच्या नावाने विकली जाते. तिच्याशी तुलना करणे म्हणजे एका जातीच्या आंब्याला दुसऱ्याच्या मापाने मोजणे होय.

खरे दोष निराळे असतात. कच्च्या पिठासारखा किंवा नखांना लावायच्या रंगासारखा वास, जीभ सोडताच नाहीशी होणारी चव, गोडव्याशी न जुळणारा कडवटपणा, सुगंधात असलेली गोष्ट घोटात न सापडणे, हे उणेपण किंमत कितीही असली तरी उणेपणच ठरते. साध्या ओव्हरहोल्टमध्ये यांपैकी आखूड शेवट हा दोष स्पष्ट आहे. ८० प्रूफच्या काळात पातळपणाही होता. तो आता बराच कमी झाला आहे.

पाणी घालावे की नाही, हा वाद जुना आहे. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या ब्यॉर्न कार्लसन व रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतीच्या साहाय्याने दाखवले, की मद्यार्क सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायाकॉल हे सुगंधी संयुग द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहते, तर ५९ टक्क्यांच्या वर ते मद्यार्काच्या रेणूंनी वेढले जाऊन आत खेचले जाते. अभ्यास एकाच संयुगापुरता होता. तथापि पाण्याच्या काही थेंबांनी सुगंध खुलतो, या परीक्षकांच्या अनुभवाशी तो जुळतो.

दोन आवृत्त्यांची तुलना करतानाही पाण्याचा उपयोग होतो. ५० टक्क्यांच्या ३० मिलिलिटर बाँडेड व्हिस्कीत सुमारे ५ मिलिलिटर पाणी घातले, की ती साध्या बाटलीच्या ४३ टक्क्यांवर येते. समान तीव्रतेला आणल्यानंतरही बाँडेड अधिक दाट लागली, तर तो फरक मुरवणीचा व निवडीचा समजावा. फरक नाहीसा झाला, तर आपण केवळ मद्यार्काला गुण देत होतो, असे म्हणावे लागेल.

गुण आणि किंमत

व्हिस्कीला शंभरपैकी गुण देण्याची पद्धत रूढ आहे. जिम मरे यांच्या ‘व्हिस्की बायबल’ या वार्षिक मार्गदर्शिकेत सुगंध, चव, शेवट आणि समतोल यांना प्रत्येकी २५ गुण असतात. या पद्धतीत किंमतीला स्थान नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र किंमत माहीत असलेल्या परीक्षकाच्या मनातून ती जात नाही. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तीच वाइन ९० डॉलरची म्हणून दिली असता, १० डॉलरची म्हणून दिल्यापेक्षा ती लोकांना अधिक आवडली. मेंदूच्या सुखसंवेदनेशी निगडित भागातील हालचालही वाढलेली दिसली. ओव्हरहोल्टसारख्या बाटलीला याचा फटका बसतो. म्हणून तिची परीक्षा लेबल झाकून, सारख्या पेल्यांत, आणि शक्यतो एकच व्हिस्की नकळत दोनदा ठेवून घ्यावी. त्याच व्हिस्कीला दोन वेळा फार वेगळे गुण पडले, तर त्या दिवसाचे निकाल बाजूला ठेवलेले बरे.

पैशाचा हिशेब त्यानंतर स्वतंत्रपणे करता येतो. ७५० मिलिलिटरच्या ४३ टक्के बाटलीत ३२२.५ मिलिलिटर मद्यार्क असतो, ५० टक्के बाटलीत ३७५ मिलिलिटर. म्हणजे सुमारे १६ टक्के अधिक. बाँडेडची किंमत साध्या बाटलीपेक्षा एवढ्याच प्रमाणात जास्त असेल, तर ग्राहक वाढीव मुरवणीसाठी वेगळे काहीच मोजत नसतो. अमेरिकेतील प्रत्यक्ष फरक राज्यागणिक बदलतो, कारण मद्यविक्रीचे नियम व कर त्या त्या राज्याचे असतात. याच वर्गातील रिटनहाउस ही हेवन हिल कंपनीची बाँडेड राय तिची नैसर्गिक प्रतिस्पर्धी आहे. तिचाही जन्म दारूबंदीनंतर फिलाडेल्फियात झाला आणि तीही आता केंटकीत बनते. झाकून घेतलेल्या तुलनेत रिटनहाउस सहसा अधिक भरीव व चॉकलेटसारखी, तर ओव्हरहोल्ट अधिक धान्यगंधी जाणवते.

कॉकटेलमधील स्थान

मॅनहॅटन, ओल्ड फॅशन्ड व सॅझरॅक ही मिश्रपेये मूलतः राय व्हिस्कीशी जोडलेली आहेत. सॅझरॅकला २००८ मध्ये न्यू ऑर्लीन्स शहराचे अधिकृत कॉकटेल म्हणून मान्यता मिळाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या पाककृती पुन्हा करू पाहणाऱ्या बारटेंडरांना राय हवी होती आणि सहज मिळणाऱ्या राय ब्रँडची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. ओव्हरहोल्ट त्यांपैकी एक होती. तिचे पुनरुज्जीवन येथून सुरू झाले. बर्फासोबत ढवळताना पेयात बरेच पाणी उतरते आणि गोड व्हर्मूथची चव बलवान असते. त्यामुळे मॅनहॅटनमध्ये साधी ओव्हरहोल्ट मागे पडते, बाँडेड टिकते. साखर व बिटर्स एवढेच घटक असलेल्या ओल्ड फॅशन्डमध्ये मात्र साध्या बाटलीचा शेंगदाण्याचा गंध आणि तिखटपणा व्यवस्थित ओळखू येतो. नुसती पिण्यासाठी बहुतेक परीक्षक बाँडेडचीच शिफारस करतात, आणि साधी बाटली आले घातलेल्या सोड्यासोबत किंवा बर्फावर घ्यावी, असे सुचवतात.